खाट, बाज आणि शेज

इंग्रजीच्या तासाला ‘बेड’ हा शब्द आला कीं मुलें गोंधळतात. मनुष्य निजतो तो बेड, फुलझाडें लावितात तोही बेड, आणि नदी जीवरून वाहते ती जागाही बेडच! आपली भाषा येथें निराळी वाट धरते. तापीला किंवा पांझरेला शेज नसते, पात्र असतें. मात्र मिरचीचें रोप तयार करण्यासाठीं शेतकरी जमीन उंचवून जो वाफा करितो, त्यास गादीवाफा म्हणतात. तेव्हां जें इंग्रजास सुचलें तें आपणांस सुचलेंच नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं.

संस्कृत खट्वेपासून खाट झाली. तीच सतराव्या शतकांत इंग्रजांच्या तोंडीं बसून ‘कॉट’ झाली आणि पुढें इस्पितळाच्या वाटेनें घरीं परतली. आज एकाच घरची हीं भावंडें एकमेकांस ओळखीत नाहींत. पर्यंकाचेंही तसेंच झालें. त्याचा पलंग माजघरांत राहिला आणि त्याचीच पालखी लोकांच्या खांद्यांवर चढली.

विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा असा एक जुना शब्द आहे: खट्वारूढ, म्हणजे खाटेवर चढलेला. हा शब्द निंदेचा, आणि त्यासाठीं पाणिनीनें व्याकरणांत स्वतंत्र सूत्र केलें आहे. टीकाकार सांगतात कीं, अध्ययन पुरें करून व गुरूची आज्ञा घेऊन मगच शिष्यानें खाटेवर बसावें. त्यापूर्वींच जो चढला तो खट्वारूढ. पुढें जवळ खाट असो वा नसो, कोणाही उनाडास हें नांव मिळूं लागलें.

बौद्ध भिक्षूंनाही उंच व थोर शय्या वर्ज्य होती. जळगांवाहून सुमारें 60 किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील 12 क्रमांकाच्या प्राचीन विहारांत 12 कोठड्या असून प्रत्येकींत दगडांतच कोरलेल्या दोन शय्या आहेत. सहलीस जाणारीं मुलें चित्रें पाहण्याच्या घाईंत तिकडे ढुंकूनही पाहत नाहींत! आणि 26 क्रमांकाच्या लेण्यांत स्वतः बुद्धाची महापरिनिर्वाणाची सुमारें 23 फूट लांब मूर्ति उजव्या कुशीवर पहुडलेली आहे.

आतां आपल्या अंगणांत येऊं. बाजेस चार खूर, चार गातीं, मध्यें सुंभाची वीण आणि पायथ्याशीं ताणाची दोरी. वीण सैल पडली कीं ती दोरी आवळावयाची. वैशाखांतील खानदेशी रात्रीं विणींतून खालूनही वारा लागतो. हें सुख गादीला नाहीं. बाळंतीण बाजेवर निजते व तिला खालून शेगडीचा शेक देतात. अंतकाळ आला कीं माणसास बाजेवरूनच भुईवर उतरवितात. मधल्या आयुष्यांत तीवर कोणीं बसावें याचे नियम मात्र कडक असत. सासरे समोर असतां सून बाजेवर बसत नसे. दिवसभर राबून पाठीस कळ लागली तरी तिनें भुईवरच टेकावयाचें. या रीतीचें कौतुक कशासाठीं करावें, तें मला कळत नाहीं.

मराठी नव्या करारांत पक्षघाती मनुष्यास चौघे जण बाजेवर घालून आणितात, आणि गर्दीमुळें वाट मिळेना तेव्हां छप्पर उकरून बाज खालीं सोडितात. भाषांतरकारांनीं येथें पलंग न घालतां बाज घातली, हें मोठें चांगलें केलें. ज्यानें खानदेशांतील मातीचें धाबें पाहिलें आहे, त्यास तें कसें उकरलें असेल हें समजावून सांगावें लागत नाहीं. आणि ते चौघे तर त्याच्या ओळखीचेच असतात. दवाखाना दूर असे तेव्हां गांवोगांव रोगी बाजेवरूनच जात असे. सातपुड्यांतील ज्या पाड्यांवर अद्याप गाडी पोंचत नाहीं, तेथून तो आजही बांबूस बांधलेल्या झोळींतून डोंगर उतरतो. खांदे देणारे वाटेंत बदलतात, आणि पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी उतरेपर्यंत झोळी कांठावरच थांबते.