मागे राहिलेला कुत्रा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं ऊसतोडीसाठी हलतात. लिंबागणेशच्या आसपास, बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातही तेच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. असे कोयते ट्रॅक्टरमध्ये चढतात. सोबत भांडी, अंथरुणं, लेकरं. दाराला कुलूप लागतं. मागे म्हातारी माणसं राहतात आणि कुत्री.

अशाच दिवसांत, २४ ऑक्टोबर २००८ ला, 'रोडसाइड रोमिओ' प्रदर्शित झाला. यशराज आणि डिस्ने यांची पहिली एकत्र निर्मिती, दिग्दर्शक जुगल हंसराज, बोलणारी कुत्री आणि पार्श्वभूमीला मुंबई. सुरुवात अशी : श्रीमंत घरातला रोमिओ. मालक लंडनला निघून जातात, त्याला रस्त्यावर सोडून. हा प्रसंग पाहताना मला गलबलून आलं. लंडन असो की उसाचा फड, घर बंद झाल्यावर कुत्र्याला काय कळतं, हा प्रश्न कुणीतरी पडद्यावर आणला होता.

पण सिनेमा त्या प्रश्नापाशी थांबतच नाही. लगेच मवाली मित्र येतात, क्लबात गाणारी लैला येते, चार्ली अण्णा नावाचा डॉन येतो. सैफ अली खान, करीना कपूर, जावेद जाफरी यांचे आवाज आहेत. टाटा एलेक्सीच्या कलावंतांनी केसन् केस मेहनतीनं घडवला आणि सिनेमाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ती मेहनत खरी आहे, म्हणूनच हळहळ वाटते. इतक्या कष्टानं घडवलेल्या कुत्र्याच्या तोंडी शेवटी हिंदी सिनेमातल्या नायकाचेच संवाद आले. त्याच्या जागी माणूस ठेवला असता तरी कथा तसूभर हलली नसती.

अशा सिनेमात आवाज बहुधा आधी ध्वनिमुद्रित होतो आणि मग प्रत्येक अक्षराला तोंडाचा आकार दिला जातो. प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात. कुत्र्याच्या लांब जबड्याला ते जमत नाही. म्हणून त्याला माणसाचे ओठ द्यायचे, माणसाच्या भुवया द्यायच्या. या बदलात त्याची स्वतःची भाषा पुसली जाते. आणि ती भाषा फार बारकाव्याची आहे. भुवईची आतली कड उचलणारा एक स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला वाढलेला असतो, लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. माणसाच्या सहवासात हजारो वर्षं राहून कुत्र्यानं ती नजर कमावली, असं संशोधकांचं म्हणणं. भाकरी थापणाऱ्या बाईकडे उंबऱ्याबाहेरून पाहणारं कुत्रं आठवून बघा. त्याला संवाद लिहून देणार तरी काय?

टोकियोतल्या शिबुया स्टेशनावर हाचिको नावाचा कुत्रा मालकाची वाट पाहत राहिला. मालक १९२५ मध्ये वारला, हाचिको १९३५ मध्ये. त्याच्यावर जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेतही सिनेमे निघाले. त्यांत तो एक शब्दही बोलत नाही, तरी माणसं रडतात. आपल्याकडे भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघरी सांगतात. तिथंही बोलतात ते नामदेव. कुत्रं फक्त पळतं, आणि ऐकणाऱ्या पोरांना तेवढं पुरतं.

मला पाहायचा आहे तो सिनेमा कुत्र्याच्या उंचीवरून सुरू होतो. कुलूप लागतं, ट्रॅक्टरच्या मागे ते फाट्यापर्यंत धावतं, मग थांबतं. रात्री सवयीनं त्याच उंबऱ्यावर येऊन झोपतं. शेजारची म्हातारी "यू यू" करून तुकडा टाकते. ते खातं आणि पुन्हा बंद दारापाशी जातं. हिवाळा सरतो, पाण्याचे टँकर सुरू होतात. पट्टा पडतो, कारखाने थांबतात आणि एका संध्याकाळी फाट्यावर ट्रॅक्टर वळतो. जाताना कडेवर असलेलं पोर आता चालायला लागलेलं असतं. कुत्रं आधी लांबूनच भुंकतं, मग वास घ्यायला हळूहळू पुढे येतं.