गिअर नसलेल्या स्कूटरचा चढाव

सकाळच्या वेळीं चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरी पाहिल्या, तर हातानें गिअर बदलावयाची गाडी क्वचितच आढळेल. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूज येथें, १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हां स्थिति नेमकी उलट होती. त्याच सुमारास कायनेटिक व होंडा यांच्या भागीदारींतून निघालेल्या स्कूटरनें आपोआप जुळणारा गिअर मध्यम वर्गाच्या दारांत आणला. गिअरचा दांडा गेला, त्याचें काम मात्र गेलें नाहीं. दोन माणसें व सामान घेऊन दौलताबादचा घाट चढतांना गाडी धापा टाकूं लागली, कीं मालक इंजिनाला बोल लावतो. पुष्कळदां दोष असतो तो गिअरच्या या अदृश्य कारभारांत.

गाडीच्या डाव्या अंगाच्या लांबट पेटींत दोन कप्प्या असून त्यांवरून रबरी पट्टा फिरतो. इंजिनाकडील कप्पीच्या पोटांत बहुधा सहा लहान रोलर असतात. फेरे वाढले कीं हे रोलर बाहेरच्या बाजूस फेकले जातात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येतात व पट्टा वर चढतो; मागील कप्पींत तो तितकाच खोल उतरतो. मागची स्प्रिंग याला विरोध करते. या ओढाताणींतूनच इंजिनानें मिनिटाला किती फेरे घ्यावयाचे तें ठरतें.

इंजिनाची कमाल शक्ति ठराविक फेऱ्यांपाशींच मिळते. ११० सीसीच्या पुष्कळ गाड्यांत ते ७,००० ते ८,०००च्या दरम्यान असतात. पूर्ण मूठ पिळली असतां इंजिनानें त्याच फेऱ्यांवर टिकून राहावें व बदलावा तो केवळ गाडीचा वेग, हें उत्तम जुळणीचें लक्षण होय. रोलर जड असले तर गाडी अकालीं उंच गिअर घेते आणि इंजिन दबतें. फार हलके असले तर तें व्यर्थ ओरडतें व पेट्रोल जाळतें. फेकण्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें, फेरे एकदशांशानें वाढवावयाचे तर वजन सुमारें एकषष्ठांशानें घटवावें लागतें. स्प्रिंगमुळें प्रत्यक्षांत थोडा फरक पडतो, एवढेंच.

गुलमर्गच्या बर्फावर धांवणाऱ्या स्नोमोबाईलमध्येंही हीच रचना आहे. तेथें पुढची कप्पी क्लचचेंही काम करते, स्कूटरमध्यें त्यासाठीं मागें निराळे जोडे असतात. सुमारें २,६५० मीटर उंचीवरील विरळ हवेंत इंजिन दुर्बळ होतें, म्हणून जाणते लोक वजनें हलकीं करतात. संभाजीनगरच्या उंचीवर तशी गरज पडत नाहीं.

म्हणूनच नवे रोलर घेण्यापूर्वीं जुने पाहावेत. झिजून एका बाजूस चपटे झालेले रोलर अडखळत सरकतात. अरुंद झालेला किंवा तेलकट पट्टा घसरतो, आणि मग इंजिन ओरडूनही गाडी पुढें येत नाहीं. हें सर्व ठीक असल्यावरच वजन बदलावें, आणि तेंही एका वेळीं एकच बदल करून. कसोटी त्याच चढावावर, तितक्याच ओझ्यानें व इंजिन तापल्यावर घ्यावी. फेरे कानानें न अजमावतां यंत्रानें मोजावेत. कडक स्प्रिंग बसवून झटपट जोर मिळविण्याचा मोह कारागिरांना फार. तिनें पट्टा तापतो व लवकर झिजतो. घाटाच्या मध्यावर तुटलेला पट्टा रस्त्याच्या कडेला बसून बदलतां येत नाहीं.