जोयड्याच्या रानातील लष्करी मुंग्या ओळखायच्या कशा?

मोले ओलांडून अनमोडचा घाट चढला, की जोयडा तालुक्याचे रान सुरू होते. तेथे दमट, उबदार रात्री घराच्या दिव्यावर कधी कधी एक जाडजूड, पिवळसर तपकिरी कीटक धडका देत राहतो. लांबट पोट आणि पारदर्शक पंख पाहून कोणीही त्याची गणना गांधीलमाश्यांत करील. वास्तविक तो डोरिलस या लष्करी मुंगीचा नर असतो. ही फसगत केवळ सामान्य माणसाचीच होते असे नाही. खुद्द कार्ल लिनियस यांनी १७६४ साली आफ्रिकेतील अशाच एका नराची नोंद गांधीलमाशी म्हणून केली होती.

वर्गीकरणाचे खरे दुखणे येथेच आहे. नर उजेडाकडे उडत येतो; कामकरी मुंग्या मात्र आंधळ्या असून त्यांचे बहुतेक आयुष्य मातीखाली जाते. दोघे एकत्र क्वचितच सापडतात. त्यामुळे नराला एक नाव आणि कामकरीला दुसरे, असे प्रकार अनेकदा घडले. कोणता नर कोणत्या कामकरीचा, हे आता डीएनएच्या आधारे जुळवता येते.

कामकरी मुंगी हाती लागली, तर वंश ओळखणे तुलनेने सोपे. भिंगाखाली कंबर पाहावी. डोरिलसच्या कंबरेला एकच गाठ असते, एनिक्टसच्या दोन. डोरिलसच्या एकाच वारुळात लहान-मोठ्या आकाराच्या कामकरी आढळतात, तर एनिक्टसच्या सगळ्या साधारण एकाच मापाच्या, काही मिलिमीटरच्या. रांगेत चालणारी, पण डोळे स्पष्ट दिसणारी काळसर मुंगी असेल, तर ती बहुधा लेप्टोजेनिस. शिस्तीत चालते म्हणून लष्करी म्हणवली जाते, एवढेच.

जातीपर्यंत पोहोचताना मात्र कस लागतो. शृंगिकेचे खंड मोजावे लागतात, जबड्याचे दात पाहावे लागतात, पाठ गुळगुळीत की खरबरीत हे तपासावे लागते. एनिक्टसच्या काही गटांत डोक्याच्या मागच्या कोपऱ्यांवर फिकट डाग असतो, काहींत नसतो. एवढ्याशा डागावर गट ठरतो!

या अभ्यासाशी उत्तर कन्नडचे नाते जुने आहे. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन आयटकिन हे मीठ व जकात खात्याचे अधिकारी. कारवारच्या वास्तव्यात ते रानातील कीटक न्याहाळत असत. स्विस शास्त्रज्ञ ऑग्युस्त फोरेल यांनी १९०१ मध्ये एनिक्टसच्या एका जातीला त्यांचेच नाव दिले : एनिक्टस आयटकेनाय. वनाधिकारी रॉटन यांचे नावही याच वंशातील दुसऱ्या जातीला आहे. भारतातील मुंग्यांच्या २०१६ च्या यादीत जाती-उपजाती मिळून ८२८ नावे आहेत.

शेतकऱ्याला या बारकाव्यांशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडेल. जोयड्याचे कुणबी कंदमुळांच्या शेतीसाठी ओळखले जातात आणि डोरिलस ओरिएंटालिस ही जात जमिनीखाली बटाट्यासारखे कंद व मुळे पोखरते. उलट एनिक्टस दुसऱ्या मुंग्यांच्या अळ्या-कोष पळवते, पिकाला हात लावत नाही. लेप्टोजेनिस तर वाळवीच फस्त करते. बांधावर मुंग्यांची रांग दिसताच औषध फवारणारा शेतकरी म्हणूनच अनेकदा आपल्या राखणदारालाच मारतो, आणि कंद पोखरणारी डोरिलस मातीखाली सुखरूप राहते.