पेन ड्राइव्ह बिघडला, तर आधी दप्तर वाचवा

ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेचे निकालपत्रक किंवा घरपट्टीची मागणी यादी बोटभर लांबीच्या पेन ड्राइव्हमधून नेणे-आणणे आता नित्याचे झाले आहे. एरवी निमूटपणे काम करणारे हे साधन एखाद्या दिवशी अचानक मुके होते. संगणक त्याला ओळखत नाही, अथवा ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना पडद्यावर उमटते. घाईघाईने होकार दिला जातो आणि जी माहिती वाचू शकली असती तीही धोक्यात येते. बिघाडाचे स्वरूप ओळखून क्रमाने पावले टाकल्यास हे नुकसान पुष्कळदा टाळता येते.

बिघाड कशामुळे होतो?

पेन ड्राइव्हमध्ये मुख्यतः दोन भाग असतात : माहिती साठविणारी स्मृती आणि तिचा कारभार पाहणारा नियंत्रक. माहिती सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भाराच्या रूपाने राहते. प्रत्येक वेळी पुसून नव्याने लिहिताना हे कप्पे थोडे थोडे झिजतात. शिवाय दीर्घकाळ न वापरता ठेवलेल्या पेन ड्राइव्हमधील विद्युत्भार हळूहळू क्षीण होऊ शकतो. म्हणूनच पेन ड्राइव्ह ही दप्तर वाहून नेण्याची पिशवी आहे, दप्तर जपून ठेवण्याचे कपाट नव्हे.

तपासणीचा क्रम

प्रथम पेन ड्राइव्ह दुसऱ्या खाचेत, जोडवायर न वापरता, थेट बसवून पाहावा. नंतर दुसऱ्या संगणकावर पाहावा. पुष्कळदा दोष खाचेचा असतो. टोकावरील धूळ कोरड्या, मऊ कापडाने पुसावी. टोक वाकले असल्यास ते हलवून चालविण्याचा प्रयत्न करू नये.

एवढ्याने काम न झाल्यास विंडोज संगणकातील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे पेन ड्राइव्ह योग्य क्षमतेसह दिसत असेल आणि केवळ त्याला अक्षर मिळालेले नसेल, तर ते देताच तो उघडू शकतो. ‘नो मीडिया’ असे दिसल्यास मात्र नियंत्रकाला स्मृतीपर्यंत पोहोचता येत नाही, असे बहुधा समजावे. तेथे घरगुती उपाय सहसा चालत नाहीत.

फॉरमॅटची सूचना आल्यास ती नाकारावी. नोंदवहीची अनुक्रमणिका फाटली तरी आतील पाने जागेवर असतात, तशीच ही स्थिती असू शकते. माहिती परत मिळविणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाने ती वाचावी आणि संगणकाच्या डिस्कवर उतरवावी. त्याच पेन ड्राइव्हवर काहीही लिहू नये. ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्तीही माहिती उतरवून घेतल्यावरच करावी, कारण ती मूळ नोंदींत फेरफार करते. मजकूर फार महत्त्वाचा असल्यास प्रयोग थांबवून जाणकाराकडे जावे. मात्र त्यात नागरिकांची खाजगी माहिती असेल, तर ती कोणाच्या हाती देत आहोत, याची खात्री करून घ्यावी.

दोष नसलेले दोष

कधी फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी केवळ शॉर्टकट दिसतात. हे बहुधा विषाणूचे काम असते. त्यांवर क्लिक न करता अद्ययावत विषाणूरोधक कार्यक्रमाने तपासणी करावी. मूळ फायली अनेकदा लपविलेल्या असतात, नष्ट झालेल्या नसतात. जागा शिल्लक असूनही मोठी चित्रफीत घेतली जात नसेल, तर फॅट32 मांडणीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही, हे लक्षात घ्यावे.

काढून घेण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करणे आणि महत्त्वाच्या दप्तराच्या किमान दोन प्रती निराळ्या ठिकाणी ठेवणे, या दोन सवयी कार्यालयाने लावून घ्याव्यात. नवा पेन ड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळतो; वर्षभर जमविलेल्या नोंदी मात्र बाजारात विकत मिळत नाहीत.