संधिवाताच्या रुग्णांतील मेदयुक्त यकृत : सोनोग्राफीची उपयुक्तता व मर्यादा

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय 'घाटी' या नावाने सर्वपरिचित आहे. जालना, बीड, परभणीकडून या शहरात उपचारासाठी येणाऱ्या रुमेटॉइड संधिवाताच्या रुग्णाजवळ तालुक्याच्या गावी काढलेला सोनोग्राफीचा अहवाल असू शकतो. त्यात 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असे शब्द आढळले, की पहिला संशय मेथोट्रेक्झेटवर जातो.

हा संशय निराधार नव्हे. आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे हे प्रमुख औषध यकृतास अपाय करू शकते; म्हणूनच सोबत फॉलिक ॲसिड दिले जाते आणि रक्तातील यकृत-विकरांची ठरावीक काळाने तपासणी होते. तथापि लठ्ठपणा, मधुमेह आणि मद्यपान यांमुळेही यकृतात मेद साठतो. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने वजन व रक्तशर्करा वाढते. दुखऱ्या सांध्यांमुळे चालणे सुटते, ते वेगळेच. अशा वेळी रुग्णाने मेथोट्रेक्झेट परस्पर बंद केल्यास मेद जागीच राहतो आणि सांध्यांची हानी मात्र पुन्हा सुरू होऊ शकते.

मेदाच्या सूक्ष्म थेंबांमुळे ध्वनिलहरी विखुरतात व यकृत उजव्या मूत्रपिंडापेक्षा अधिक उजळ दिसते. या उजळपणावरून तीन श्रेणी ठरविल्या जातात. ही तुलना डोळ्यांनीच होते; सुमारे २० ते ३० टक्के यकृतपेशींत मेद साठेपर्यंत ती भरवशाची नसते. त्यामुळे श्रेणी २ वरून १ वर आली, तर उपचारांचा गुण आला असेल, किंवा केवळ यंत्र व तपासणारे डॉक्टर बदलले असतील. पुनर्तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, उपाशीपोटी आणि जुन्या प्रतिमा समोर ठेवून व्हावी. कागदी अहवाल जपला जातो, प्रतिमा हरवतात.

त्याहून गंभीर मर्यादा तंतुमयतेची आहे. तिची प्रारंभीची अवस्था साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. उलट प्रगत अवस्थेत मेद घटून यकृत सुधारल्याचा भास होऊ शकतो. इलास्टोग्राफी यकृताचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजते. वय, दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून काढला जाणारा 'फिब-४' निर्देशांक स्वस्त आहे. परंतु संधिवाताच्या दाहामुळे प्लेटलेट वाढल्यास तो फसवा कमी येऊ शकतो.

वजन सुमारे ५ टक्के घटले तरी यकृतातील मेद कमी होऊ लागतो; दाह ओसरण्यासाठी ७ ते १० टक्के घट अपेक्षित असते. श्रेणीशेजारी वजन, विकरांचे आकडे व ताठरपणा यांची तारीखवार नोंद असल्यास मेथोट्रेक्झेट चालू ठेवावे, मात्रा घटवावी की औषध बदलावे, हे संधिवाततज्ज्ञास ठरविता येते.