दार आतून बंद

‘तिळा तिळा दार उघड’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. एका लेखिकेनं मात्र आपल्या कथेचं नाव ठेवलं ‘तिळा बंद’. त्या कमल देसाई. आज त्यांच्याविषयी बोलू.

कमलताईंचा जन्म १९२८ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या यमकनमर्डीचा. त्यांनी कॉलेजात मराठी शिकवलं. १९६२ साली ‘रंग’ हा कथासंग्रह आला आणि पुढच्या वर्षी ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ ही कादंबरी. नाव तुकोबांच्या अभंगातलं. मग १९७५ मध्ये ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या दोन छोट्या कादंबऱ्या एकत्र निघाल्या. २०११ मध्ये त्या गेल्या. जाणकारांनी त्यांना मानलं, पण घराघरात नाव पोचलं नाही. लिहिलं थोडं, आणि तेही काळोखातलं. त्यांच्या बायका विचारतात, “लोक सांगतात तेवढीच मी का?” हॅट घालणाऱ्या बाईला तर सिनेमा काढायचा असतो!

फ्रान्समध्येही असाच एक मागं पडलेला लेखक होता, एमान्युएल बोव्ह. त्याच्या १९२४ सालच्या ‘माझे मित्र’ या कादंबरीत लढाईत जखमी झालेला माणूस पॅरिसभर मित्र शोधत हिंडतो. तो निदान रस्त्यावर हिंडू तरी शकतो. आपली बाई भरल्या घरात एकटी असते.

पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या की मागं राहिलेली म्हातारी एकटी आहे, हे गावाला दिसतं. पण दहा जणांच्या भाकरी थापणारी सून एकटी आहे, हे दिसत नाही. ती बोलायला गेली की आपण म्हणतो, “तुला काय कमी आहे?” तिथंच दार आतून बंद होतं.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचे हप्ते जमा झाले की अर्धा तास ठेवा. वाचनालयात कमलताईंचं पुस्तक मागा आणि एकीनं मोठ्यानं वाचा. लेखन अवघड आहे, अडेल, पण गटात वाचलं तर उलगडतं. वाचून झाल्यावर सल्ला देऊ नका, नुसतं ऐका. आणि कुणी “जगावंसं वाटत नाही” म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. तिच्याजवळ बसा. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तिच्यासोबत बसून तो लावा.

दार बाहेरून ढकलून उघडत नाही, बायांनो. पण बाहेर कुणीतरी थांबलंय, एवढं आतल्या बाईला कळू द्या.