आवाज कुणाचा? पब्लिकचा!

हेडफोन लावा, व्हॉल्यूम जरा चढवा आणि सांगा बघू: आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'फ्लाइट 666' या लाइव्ह अल्बममध्ये सगळ्यात आधी कोणत्या शहराचं पब्लिक दणाणतं? लंडन? टोकियो? लॉस एंजेलिस? तिन्ही उत्तरं आउट! पहिला मान आपल्या मुंबईचा!

हा डबल अल्बम 2009 साली आला. गाणी 16, शहरंही 16. प्रत्येक गाणं वेगळ्या गावात रेकॉर्ड झालेलं. दुसरं मेलबर्नचं, तिसरं सिडनीचं, चौथं टोकियोचं. आणि पहिलं 'एसेस हाय', 1 फेब्रुवारी 2008, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स. त्या वर्ल्ड टूरचा नारळ मुंबईतच फुटला होता, म्हणून पहिला ट्रॅक मुंबईच्या खात्यात!

आता त्या ट्रॅकच्याही आधी एक भाषण ऐकू येतं. विन्स्टन चर्चिल यांचं, 4 जून 1940 रोजी ब्रिटिश संसदेत केलेलं. पण माहीत आहे का? त्या दिवशी संसदेत रेकॉर्डिंग झालंच नव्हतं! आज जगभर वाजतो तो आवाज चर्चिल यांनी 1949 साली पुन्हा बोलून रेकॉर्ड केलेला. म्हणजे लाइव्ह अल्बमची सुरुवातच नॉन-लाइव्ह!

चर्चिलसाहेबांचं नाव निघालंच आहे, तर हेही घ्या. 1896 साली तरुण लष्करी अधिकारी म्हणून ते मुंबईच्या ससून डॉकला उतरले आणि उतरतानाच खांदा निखळवून बसले. पुढे मुक्काम बंगळूरला. तिथल्या बंगलोर क्लबच्या जुन्या वहीत त्यांच्या नावावर 13 रुपये बाकी आहेत. अजून! चक्रवाढ व्याज तुम्हीच लावा.

बरं, 'एसेस हाय' हे गाणं आहे कशावर? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या फायटर पायलटवर. आणि गाणारा कोण? ब्रूस डिकिन्सन, जो स्वतः कमर्शियल पायलट! 2008 च्या त्या टूरवर बँडचं बोइंग 757 तोच चालवत होता. संध्याकाळी स्टेजवर कॅप्टन, सकाळी कॉकपिटमध्ये कॅप्टन. विमानाचं नाव 'एड फोर्स वन', शेपटीवर बँडचा भुताळ मॅस्कॉट एडी. मागच्या सीट काढून तिथं ड्रम, गिटार, अ‍ॅम्प असं टनावारी सामान भरलेलं. 45 दिवसांत 23 शो, जवळपास 50,000 मैल. एसटीच्या टपावर नेपथ्य बांधून गावोगाव हिंडलेल्या आपल्या नाटक मंडळींनी या माणसांना कडकडून मिठीच मारली असती!

बेळगावकरांनो, इथं तुमचाही धागा आहे. सांबऱ्याची धावपट्टी 1942 साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं बांधली. 'एसेस हाय'मधले पायलट त्याच हवाई दलाचे! पुढच्या वेळी सांबऱ्याला फ्लाइटची वाट पाहत बसाल, तेव्हा कानात हेच गाणं हवं.

आणि भूगोलही बघा. मुंबई इकडे साधारण पाचशे किलोमीटर, बंगळूर तिकडे तेवढंच. मेटलच्या नकाशावर बेळगाव बरोब्बर मधोमध! आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात आले ते 17 मार्च 2007 रोजी, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. भारतात वाजवणारा पहिला मोठा हेवी मेटल बँड म्हणून हा शो गाजला. निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या पोरांना अशा शोसाठी दोन वाटा मोकळ्या: रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडा आणि सकाळी बंगळूर, नाहीतर हायवेला उभे राहा आणि ट्रॅव्हल्सनं मुंबई. काळा टी-शर्ट कॉमन!

त्या बंगळूरच्या शोत आधी वाजवलं ते दिल्लीच्या 'परिक्रमा'नं. त्याच वर्षी हा बँड इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलमध्ये पोचला. ओपनिंगला गेले आणि दारच ओपन झालं!

मेटल आणि बेळगाव हे नातं तसं जुनंच म्हणायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग 1888 साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून उभा राहिला. आजही उद्यमबागेत फौंड्र्या धगधगतात, कास्टिंग निघतात. खरंखुरं हेवी मेटल! आणि हे संगीतही कारखान्यांच्या शहरातच जन्मलं, इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये. ब्लॅक सबाथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी 17 वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात! त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं लावलं, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या. सैल तारांमुळे आवाज खाली उतरला, जड झाला. तोच जड आवाज पुढे अख्ख्या जगानं उचलला. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो आधी स्वतःच्या बोटांकडे बघेल आणि मग गाणं मागून घेईल.

आता लाइव्ह अल्बम ऐकणाऱ्यांचा आवडता वाद: हे खरंच लाइव्ह आहे का? ज्युडास प्रीस्टचा 1979 चा 'अनलीश्ड इन द ईस्ट' टोकियोत रेकॉर्ड झाला, पण रॉब हॅलफर्डचा आवाज नंतर स्टुडिओत दुरुस्त केला गेला. झालं! चाहत्यांनी लगेच बारसं उरकलं: 'अनलीश्ड इन द स्टुडिओ'. तरीही तो अल्बम आजही आवडीनं ऐकला जातो. माझं मत विचाराल तर आवाज पॅच केला म्हणून अंगावरचा काटा खोटा ठरत नाही.

मोटरहेडनं तर कमालच केली. 1981 चा त्यांचा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' ब्रिटनमध्ये थेट नंबर वनवर उतरला. नावात हॅमरस्मिथ, पण माहीत आहे का, हॅमरस्मिथचं रेकॉर्डिंग त्यात औषधालाही नाही! लीड्स आणि न्यूकॅसलचं पब्लिक ओरडतंय, नाव लंडनचं.

डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'ची पहिली रात्र कोणती? 15 ऑगस्ट 1972, ओसाका! आपल्याकडे झेंडावंदन, तिकडे गिटारवंदन. अल्बम निघणार होता फक्त जपानी बाजारासाठी. बँडमधल्या काहींना त्याचं फारसं कौतुकही नव्हतं. पुढे तोच रॉकमधल्या सर्वांत लाडक्या लाइव्ह अल्बमांत जाऊन बसला. याच बँडच्या 1972 च्या लंडनमधल्या एका शोत आवाज 117 डेसिबल मोजला गेला आणि तिघे प्रेक्षक बेशुद्ध पडले. गिनेसमध्ये नोंद झाली ती उगाच नाही.

याच्या बरोब्बर उलटी गंमत 8 डिसेंबर 2013 ची. मेटॅलिका अंटार्क्टिकाला गेला! बर्फाळ भूमीला त्रास नको म्हणून एकही स्पीकर लावला नाही. एका पारदर्शक तंबूत बँड वाजवतोय, प्रेक्षक हेडफोन लावून डोकी हलवतायत, बाहेर शुकशुकाट. त्याचाही लाइव्ह अल्बम निघाला, 'फ्रीझ एम ऑल'. कूल ना?

कॉन्सर्टमध्ये दोन बोटांची शिंगं दाखवतात, ती कुठून आली माहीत आहे का? ती लोकप्रिय केली मेटल गायक रॉनी जेम्स डिओनं, आणि तो ती शिकला आपल्या इटालियन आजीकडून. आजी ही खूण वापरायची नजर लागू नये म्हणून! म्हणजे स्टेडियमभर हजारो पोरं मिळून दृष्टच काढतायत.

लाइव्हची ही ओढ आपल्याला नवी नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मले कुमार गंधर्व. त्यांचे चाहते आजही अमक्या मैफलीतला तमका राग, असा हट्ट धरतात. मेडनचा चाहताही तेच करतो: त्याला 'लाँग बीचवालं' रेकॉर्डिंगच हवं असतं! तो म्हणजे 1985 चा 'लाइव्ह आफ्टर डेथ'. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात मार्चमधल्या सलग चार रात्री वाजवून केलेला, एलपीची चौथी बाजू मात्र लंडनची. पहिल्या सीडीत ती चौथी बाजू मावलीच नव्हती, म्हणून एलपीवाले आजही भाव खातात. गाणी स्टुडिओपेक्षा वेगात, दोन ओळींमध्ये ब्रूसचा चढलेला श्वास, आणि शहराचं नाव घेऊन त्यानं टाकलेली हाक. ती हाक ऐकून घरात एकटा बसलेला माणूसही ओरडतो.

'फ्लाइट 666' नावाची डॉक्युमेंटरीही आहे, सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांची. 2010 साली तिला कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला. त्यातला बोगोटाचा सीन चुकवू नका. शो संपलाय, मैदान रिकामं होतंय, आणि ड्रमर निको मॅकब्रेननं फेकलेली काठी हाताला लागलेला एक चाहता ती धरून रडतोय. संवाद एकही नाही. गरजच नाही.

तर निकाल देऊनच टाकतो. वाजवणं आणि जोश यात 'लाइव्ह आफ्टर डेथ' पहिला, पब्लिकमध्ये 'फ्लाइट 666' पहिला. नवशिके असाल तर आधी लाँग बीच, मग मुंबई, मग पुढची पंधरा शहरं, आणि तीही एका बैठकीत. मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर. प्रत्यक्ष शोला निघालात तर मात्र खिशात इयरप्लग ठेवा. कानांची जोडी एकच असते आणि ऐकायचे अल्बम खूप आहेत!